रोटाच्या गव्हावरून कोरम

१२ जुलै, शनि.

धाकटी जाऊ रेखा कामावरून आली ती थेट मोरीत गेली, बराच वेळ तोंड धूत होती. पदराला धुराचा वास. विचारलं तर आधी "काही नही" म्हणाली, मग जेवताना सांगितलं. नरडाण्याच्या शिवणाच्या शेडमध्ये दुपारी मशीनची मोटर जळाली. धूरच धूर. शटर रोजच्यासारखं बाहेरून बंद, किल्ली सुपरवायझरच्या खिशात, आणि सुपरवायझर फाट्यावर चहाला. बायका आतून शटर बडवत होत्या. तो चहा संपवून आला. तोवर मोटर आपली आपण विझली होती. कुणाला काही झालं नाही, म्हणून कुणी काही बोललंही नाही. शटर पुन्हा ओढलं, पुन्हा मशीनवर.

आणि शिवत काय होत्या? शाळेचे शर्ट. सरकारी ऑर्डर. म्हणजे आपल्याच गल्लीतली पोरं ते घालून झेंडावंदनाला उभी राहणार.

माझं डोकं असं फिरलं. म्हटलं, सरकारनं असल्या ठिकाणचा कपडा विकत घ्यायचाच नाही, असा कायदाच पाहिजे.

हे म्हणाले, "कर मंग कायदा. पहिले भाजी वाढ."

भाजी वाढली नाही. ज्यानं त्यानं घेतली.

१५ जुलै, मंगळ.

नीलिमाला फोन केला. कॉलेजात माझ्या बाकावर बसायची, आता जळगावात वकील. मी धूर, शटर, चहा सगळं एका दमात सांगितलं. ती मध्येच हसायला लागली. म्हणे, शैला, आम्ही सहा महिने हेच करतोय, तू होतीस कुठे?

सावद्याच्या आणि पिंपळनेरच्या बायका तिच्याबरोबर आहेत. मागणी एकच: सरकारी पैशानं घेतलेला कपडा, मग तो गणवेश असो, चादर असो, पडदा असो, माणसांना कोंडून शिवलेला नसावा. त्याचा कायदा व्हावा. शनिवारी बैठक आहे, ये म्हणाली.

मी ब्लाउजं शिवणारी बाई. कायदा करायला चालले. (इथून पुढे क.का. लिहीन. कपडा-कायदा. दर वेळी कोण लिहीत बसणार.)

१९ जुलै, शनि.

नरडाण्याहून पॅसेंजर. बसायला जागा मिळाली तरी उभीच होते, बसवत नव्हतं.

नीलिमाचं ऑफिस म्हणजे कोर्टासमोरच्या गल्लीत जिना चढून एक खोली. सावद्याच्या बाईंनी केळी आणली होती, बैठकीपेक्षा मोठा घड. त्यांच्या गावची ग्रामसभा झाली, ठराव पास. पिंपळनेरचाही पास. आमदारसाहेबांनी शब्द दिलाय: तीन तालुक्यांतल्या ग्रामसभांचे ठराव हातात द्या, हिवाळी अधिवेशनात नागपूरला अशासकीय विधेयक मांडतो. दोन तालुके झाले. तिसरा कोण?

माझा हात वर. डोक्याला विचारायच्या आधीच.

टाळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, लग्नातल्या धरल्या नाहीत तर.

परतताना डब्यात एका अनोळखी काकांना अमळनेरपर्यंत सगळं सांगितलं. उतरताना म्हणाले, छान आहे, पण माझं स्टेशन मागेच गेलं.

२० जुलै, रवि.

रेखाला क.का.च्या ठरावाचा मसुदा वाचून दाखवला. वाटलं उडीच मारेल. ती शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

मग म्हणाली, "अक्का, कायदा चांगला शे. पण ऑर्डर गयी ते आम्ही कोठे जावानं?"

मी म्हटलं, अगं जीव महत्त्वाचा की...

"जीव महत्त्वानाच शे. पण तो खास काय?"

जीव खाणार काय. मी चिडले. म्हटलं, मग राहा कोंडलेली. ती उठून शेंगांची पाटी घेऊन आत गेली. धाकटी जाऊ, पण रुसली की माझ्या सासूच्या वरताण. दीर सुरतेला साडीच्या मिलमध्ये, वर्षातून दोनदा तोंड दाखवणार. पोरांचं दप्तर, दूध, बूट सगळं रेखाच्या शेडवर. मला काय जातं बोलायला.

२२ जुलै, मंगळ.

बोललो एकदाच्या. तीच आली, ब्लाउजाला हूक लावायच्या निमित्तानं.

म्हणाली, "माले शेड बंद नको. दार उघडं पाहिजे."

मी तेवढंच नीलिमाला फोनवर सांगितलं. नीलिमानं ते लिहून घेतलं. मग मसुद्यात नवं कलम: आधी सुधारायला मुदत द्यायची, सरकारच्या माणसानं जाऊन बघायचं, बायकांना विचारायचं, तरी दार बंदच तर मगच ऑर्डर काढून घ्यायची. रेखाला वाचून दाखवलं. म्हणाली, आता ठीक शे. सावदा-पिंपळनेरलाही हे कलम पुरवणी म्हणून जाणार.

आज नुसता आनंद आहे. दोन ब्लाउजं उलटी शिवली, उसवली, तरी आनंद.

२४ जुलै, गुरु.

भाऊसाहेब (आमचे ग्रामसेवक) माणूस वाईट नाही, पण सभेचं नाव काढलं की त्यांना जांभई येते. आमच्या ग्रामसभेला कोरम कधीच भरत नाही. शंभर माणूस लागतं, येतात वीस. मग सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, की चार डोकी ऑफिसात बसून वाटेल ते लिहितात. सरपंच नानांना हीच पद्धत सोयीची. क.का.चा विषय त्या चार डोक्यांपुढे गेला की "पुढील सभेत घेणे" असा शेरा पडणार, आणि पुढची सभा म्हणजे कधीच नाही.

म्हणजे पहिल्याच बैठकीला शंभर. कुठून आणू?

रस्त्यानं येताना सुचलं. कानबाई!

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी सकाळी नदीवर बोळवण. त्या दोन दिवसांत सुरत अर्धी रिकामी होते, सगळे गावी. सोमवारी नदीवरून परतताना मारुतीच्या पारावरच सभा. माणसं गोळा करायलाच नकोत, आधीच गोळा झालेली असतील.

नाना म्हणाले, "सणना दिन सभा? बाई, देवले तरी सोड."

मी म्हटलं, नाना, देवीला बोळवूनच बसायचं आहे, तिच्या अंगावर नाही.

हसले. सही केली. नोटीस लागली, ४ ऑगस्ट, सोमवार.

२९ जुलै, मंगळ. नागपंचमी

शेडमध्ये बातमी पोचली. सुपरवायझरनं बायकांना सांगितलं, सोमवारी गाडी नेहमीच्या वेळी फाट्यावर येईल. जी बसणार नाही तिनं पुन्हा बसू नये, आणि जास्त जणी गाळल्या तर गाडी या गावाला थांबणारच नाही. मारलंही नाही, ओरडलाही नाही, जाता जाता बोलला म्हणे.

रेखानं हे सांगितलं आणि पुरण वाटायला बसली. तू काय करणार, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. नाही विचारलं. शहाणपण कधी कधी येतं मला.

३१ जुलै, गुरु.

आमची गिरणी आज धुऊन पुसून सोवळ्यात. फक्त रोटाचे गहू, कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे. सकाळपासून रांग.

दुपारी हे पीठ झटकत घरात आले, चेहरा असा की लॉटरी लागली. म्हणाले, "तुन्हा कोरम मी मोजी टाका."

कसा? गव्हावरून. रोटाला घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू काढतात. ज्या घरचे जेवढे गहू तेवढे त्या घरचे पुरुष. यांनी प्रत्येक पिशवी हातात तोलली आणि मनात बेरीज केली. चाळीस वर्षं गिरणी चालवलेला हात, चुकायचा नाही. शंभर सोडा, दोनशेच्या वर पुरुष येताहेत.

मी यांना चक्क मिठी मारली. पीठ सगळं माझ्या अंगावर. गिरणीत उभ्या बायका बघत होत्या, बघू दे.

नीलिमाला फोन. कोरम भरला म्हणून सांगून टाकलं. तिनं सावद्याला सांगितलं, सावद्यानं पिंपळनेरला.

१ ऑगस्ट, शुक्र.

काय गाढव आहोत आम्ही दोघं.

शेजारची जिजी पीठ न्यायला आली. काल तिची पिशवी सगळ्यांत जड होती. सहज विचारलं, जिजी, घर भरणार या वेळी, किती जण येताहेत?

म्हणाली, "येवाना कोणीच नही. सुट्टी नही ना. पण नाव ते घेनं पडस."

नाव घ्यावंच लागतं. अर्थातच. येवो न येवो, घरच्या प्रत्येक पुरुषाचे गहू निघतात. सुरतेत पाळण्यात असलेल्या जिजीच्या पणतूचेसुद्धा निघालेत. हे मला माहीत नाही? लग्न होऊन आल्यापासून स्वतःच्या हातानं निवडतेय ते गहू. यांना माहीत नाही? तरी दोघं काल नाचलो. पाळण्यातल्या पोरालाही कोरममध्ये धरून.

हे गिरणीच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसले. मी आधी त्यांच्यावर ओरडले, मग हसू आलं, मग ते थांबेचना.

आणि संध्याकाळी कणीक मळताना लक्षात आलं. त्या गव्हात मी कुठे आहे? रेखा कुठे आहे? जिजी कुठे? रोटाच्या गव्हात बाई नसतेच. म्हणजे यांनी मोजली ती माणसं गावात नाहीत, आणि जी गावात आहेत ती यांनी मोजलीच नाहीत.

उद्यापासून घरोघर. बायकांकडे.

२ ऑगस्ट, शनि.

फिरतेय. पाय दुखतात, घसा बसला. प्रत्येक घरात कानबाईची तयारी, मखर, केळीचे खांब, पितळी भांडी घासणं. मी उंबऱ्यावर उभी राहून एकच वाक्य: नदीवरून आल्यावर घरी जाऊ नका, पारावर बसा.

"तठे बसीसन काय करानं?"

हात वर करायचा, बस.

एक म्हणाली, हात वर करायला माझ्या मालकाला विचारते. मी म्हटलं, मालक सुरतेला आहे, फोनवर हात दिसणार नाही. हसली. येते म्हणाली. बघू.

शेडच्या बायका मात्र डोळे चुकवतात. त्यांना मी काही बोलत नाही. रेखाही शेवटी त्यांच्यातलीच.

३ ऑगस्ट, रवि.

कानबाई बसली. काय रूप, डोळे नुसते माझ्याकडे. नैवेद्य झाला, आरती झाली. दीर आला, शेवटी त्याला सुट्टी मिळाली. सुरतेची पोरं थोडीच आलीत. पारावरची सतरंजी झटकून ठेवली.

रेखानं गाणी म्हटली, आवाज असा लागला की शेजारचे दारात. 

४ ऑगस्ट, सोम.

आजच लिहून टाकते.

सकाळी कानबाई निघाली. डोक्यावर पाट, वाजंत्री, फुगड्या, नाचून नाचून घामाघूम. नदीवर आरती, बोळवण, वाळूचा प्रसाद घेऊन परत. पारापाशी मी पुढे पळाले, सतरंजीवर उभी. बायका आल्या. काही बसल्या, काही उभ्याच, डोक्यावर रिकामे पाट. भाऊसाहेब हजेरीची वही घेऊन, नाना खुर्चीत. सह्या, अंगठे. भरत चाललं होतं.

आणि फाट्यावरून हॉर्न. शेडची गाडी.

शेडच्या बायका उठायला लागल्या. एक उठली की दुसरी. पदर खोचत, कुणाकडे न बघता. थोड्या आधीच जाऊन गाडीत बसल्या होत्या, त्या तर नदीवरही आल्या नव्हत्या. भाऊसाहेबांनी मोजलं. पुन्हा मोजलं. कमी. थोडेच, पण कमी.

पेनाला टोपण लावत नानांना म्हणाले, तहकूब लिहू का?

तेवढ्यात रेखा उठली. आणि चालायला लागली, फाट्याकडे. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. नऊवारीचा काठ अजून ओला होता. मनात म्हटलं, जा बाई, तुझं बरोबर आहे, पोरं तुझी आहेत. खरंच म्हटलं. आणि खरंच रडू आलं.

दीर माझ्याजवळ उभा होता.

ती गाडीपाशी पोचली. चढली नाही. मागच्या फळीला धरून आत वाकून बोलत होती. ड्रायव्हरचा हॉर्न चालूच. काय बोलली ते ऐकू येत नव्हतं. मग एक उतरली. मग दुसरी. मग आत बसलेल्या सगळ्या धडाधड. रेखा पुढे आणि त्या मागे, सकाळच्या मिरवणुकीसारख्याच, फक्त वाजंत्री नाही. उठलेल्या होत्या त्या पुन्हा खाली बसल्या.

ड्रायव्हर मागून, "चला वं, टाइम व्हई राहिना."

जिजीनं सतरंजीवरूनच ठणकावलं, "गाडी वाट दखी. तू भी ये, बस."

भाऊसाहेबांनी टोपण काढलं. मोजलं. भरला!

ठराव मी वाचायचा होता, पण घसा गेलेला. दिरानं वाचला. वाचता वाचता मध्येच थांबून म्हणाला, आमच्या मिललाही असंच कुलूप असतं. एवढंच, आणि पुढे वाचला. हात वर. नानांचाही, सगळ्यांत शेवटी, पण वर.

रेखाला नंतर विचारलं, गाडीत काय बोललीस?

"काही नही. म्हन्तं, त्या दिन शटर सगळ्यासनी बडवं. आज हात वर कराले काय जास."

भाऊसाहेबांना भूक लागली होती, रोटांकडे बघत होते. रोट भाऊबंदांशिवाय कुणाला देता येत नाहीत. म्हटलं, भाऊसाहेब, देवीची आण आहे, चहाच घ्या. तीन कप प्याले.

५ ऑगस्ट, मंगळ.

गाडी आली नाही.

७ ऑगस्ट, गुरु.

आजही नाही. पुढच्या गावच्या बायकांना घेऊन थेट जाते. दीर सुरतेला परत गेला. ठरावाची नक्कल घेऊन मी जळगावला जाऊन आले. नीलिमानं तिन्ही तालुक्यांचे कागद एकावर एक ठेवले आणि वरून हात फिरवला, तान्ह्या बाळाच्या पाठीवरून फिरवतात तसा. आनंद झाला. घरी आले तर रेखा रिकामी बसलेली. आनंद चपलांजवळच ठेवला.

तिला माझ्याकडची ब्लाउजं दिलीत. पण गावात ब्लाउजं असून असून किती.

१८ ऑगस्ट, सोम.

आमदारसाहेबांना भेटलो, धुळ्याला. सावदा, पिंपळनेर, आम्ही. रेखाही होती. साहेबांनी ठराव वाचले. सुधारायची मुदत देणाऱ्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, हे कुणी सुचवलं? आम्ही सगळ्यांनी रेखाकडे बघितलं. ती टेबलावरच्या काचेकडे.

म्हणाले, विधेयक मांडतो. पण अशासकीय विधेयकांची चिठ्ठी निघते, नंबर लागेल न लागेल. लागलं तरी पास होईलच असं नाही. खोटं बोलले नाहीत, ते आवडलं.

बाहेर येऊन भजी खाल्ली सगळ्यांनी. सावद्याच्या बाईंनी पिशवीतून केळी काढली. त्यांना केळ्यांशिवाय कधी पाहिलं नाही.

रेखा येताना गाडीत म्हणाली, "नंबर लागाले पाहिजे, अक्का." पहिल्यांदाच ती माझ्याआधी बोलली.

८ सप्टें., सोम.

शेडचा ड्रायव्हर गिरणीवर दळण घेऊन आला. यांच्याकडे बघून म्हणाला, नवी ऑर्डर मोठी आहे, हात कमी पडतात, उद्यापासून गाडी थांबेल, ज्यांना यायचं त्यांनी यावं. यांनी विचारलं, शटर? म्हणाला, आता आतून कडी बसवली म्हणे. मी पाहिली नाही, मी बाहेरच असतो.

बायका आमच्या ओट्यावर जमल्या. जायचं की नाही? खरं असेल का? एक म्हणे खरं, एक म्हणे थाप. शेवटी रेखा म्हणाली, "पहिले मी एकलीच जास. कडी दखसू, मंग फोन करसू. कडी व्हई ते तुम्ही परवा या."

आणि नसली तर?

"ते मी उनी घर."

रात्री तिनं डबा घासून पुसून ठेवला. मला झोप नाही. भीतीनं नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी पोरांना येत नाही तशी.

९ सप्टें., मंगळ.

गेली. गाडी थांबली, ती चढली, मागे वळून बघितलं नाही. बायका सकाळपासून आमच्या ओट्यावर. कुणी भाजी निवडतेय, कुणी नुसती बसून. फोन मध्ये ठेवलाय, उलटा नाही, सरळ, आवाज पूर्ण मोठा करून.

पोचली असेल एव्हाना. काम सुरू झालं असेल. रेंज नसेल. सुपरवायझरनं फोन बाहेर ठेवायला लावला असेल. एकेकीचं एकेक.

गिरणीचा आवाज इतका की फोन वाजला तरी ऐकू यायचा नाही. आत जाऊन यांना म्हटलं, बंद करा. दळण अर्धं होतं, लोक डबे घेऊन उभे होते. यांनी माझ्याकडे बघितलं, पट्टा उतरवला आणि हात पुसत ओट्यावर येऊन बसले. डबेवालेही आले मागून. जिजी सरकली, त्यांना जागा दिली.

गिरणी बंद आहे. सगळे फोनकडे बघताहेत.